एकाच सुरावरचा आवाज

त्या दुपारी मी तळघरातल्या स्टुडिओत एकटीच होते. भिंतींना जाड फोम, खिडकी नाही. दार लावलं की स्वतःचा श्वाससुद्धा दुसऱ्या कुणाचा तरी वाटावा अशी शांतता. एका मेटल बँडला गाण्यासाठी यंत्रमानवाचा आवाज हवा होता, म्हणून मी माझाच आवाज मशीनमधून खाली खाली उतरवून बघत होते. आधी त्यातलं बाईपण गेलं, मग माणूसपणही. स्पीकरमधून घोगरा, गार आवाज आला, "कोण आहे तिथे?"

"मी आहे," मागून उत्तर आलं.

त्याच आवाजात... अगदी त्याच!

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वळून बघते तर दारात एक उंच मुलगा, केसांतून पावसाचं पाणी ठिबकतंय, चेहरा मात्र एकदम भोळा.

"भूत बघितल्यासारखं काय बघताय?"

"बघितल्यासारखं नाही, ऐकल्यासारखं. कुठून आणलात हा आवाज?"

"ओरडून ओरडून मिळवलाय," तो हसला. "फुकटचा नाही."

तो त्या बँडचा गायक. सगळे त्याला घोगऱ्या म्हणायचे. ड्रम वाजवणारी त्याची थोरली बहीण तर घरीसुद्धा. त्याच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी ओरडायला सक्त मनाई केली होती, आणि ऑपरेशननंतर हा आवाज राहील की नाही, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्याआधी रेकॉर्ड करायचं एकच गाणं उरलं होतं.

"तू नुसतं हळू आवाजात बोल," मी सांगितलं. "राक्षस मी बनवते."

मशीनमध्ये मी एकच सूर पक्का केला. त्याने शब्द वर नेला काय, खाली आणला काय, सगळं येऊन त्या एका सुरावरच आदळायचं. मग घसा मोठा असल्याचा भास द्यायचा, की काम झालं. ऐकताना वाटायचं, खोल विहिरीतून कुणीतरी न थकता बोलतंय, आणि त्याला आपलं नाव माहीत आहे. मी रोज घाबरायचे आणि रोज पुन्हा लावून ऐकायचे. खरं सांगायचं तर मशीनसाठी नाही... त्याच्यासाठी.

तो काचेपलीकडून भुवया उडवायचा. मी जीभ दाखवायचे. त्याची ताई ड्रमच्या काठ्या आवरता आवरता म्हणायची, "रेकॉर्डिंग करा रे, खेळ नंतर!"

पण एक गोष्ट तो हसत हसत परत परत म्हणायचा. "आवाज गेला की मीपण जाणार. बाबांच्या छापखान्यात. गाता न येणाऱ्याचं इथे काय काम?" मी मशीनकडे तोंड वळवून स्वतःशीच काहीबाही पुटपुटायचे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेवटचं कडवं झालं. ताई गाडी आणायला गेली. तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि मी रेकॉर्डिंग लावलं. दोन ओळी गेल्या. मधल्या मोकळ्या जागेत, जिथे काहीच असायला नको होतं, तिथे मशीन हळूच म्हणालं,

"जाऊ नको रे..."

हे तर माझ्या मनातलं! मनातलं याला कसं कळलं? मी थांबवायला हात पुढे केला, तोच त्याच विहिरीतून, त्याच सुरावर, दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलं.

"नाही जात."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"माझ्याशी बोलायच्या तुझ्या माइकचं बटण दाबलेलंच राहिलं होतं," तो खाली बघत म्हणाला. "तू जे पुटपुटत होतीस, ते माझ्या हेडफोनमध्ये येत होतं. तिथून सांडून माझ्या माइकमध्ये गेलं असणार... आणि मग मशीनने त्याचंही भूत केलं."

"कधीपासून ऐकत होतास?"

"'गाढव आहे, पण गोड आहे', तिथपासून."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "मग सांगायचं नाही का, मेल्या!"

"सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस." त्याचं हसू मावळलं. "पण उद्यानंतर हा आवाज नसला तर? कसला तरी बारीक, किनरा निघाला तर?"

"मला आवाज नकोय," मी म्हणाले. डोळे भरून आले होते, तरी नीट म्हणाले. "आवाज मी दुपारभरात बनवते. मला तू हवा आहेस."

त्याने हात पुढे करून मशीन बंद केलं. स्पीकरमधली घरघर थांबली आणि खोली एकदम रिकामी झाली. माझा हात हातात घेऊन तो उघड्या, फाटक्या घशाने पुन्हा म्हणाला, "नाही जात."

सूर मध्येच घसरला. दुरुस्त करावंसं मला जराही वाटलं नाही.