ठेवा की ठेवलं?

दाढदुखीतून कुणी प्रेमात पडतं, असं रेघाला सांगितलं असतं तर तिने सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. त्या शनिवारी सकाळी ती दवाखान्यातल्या खुर्चीत आडवी पडली होती. गाल सुजलेला, डोळे घट्ट मिटलेले, आणि हे एकदाचं आटपावं एवढंच मनात.

रेघा हे तिचं खरं नाव नव्हे. एका छोट्या कंपनीत ती मोबाइलच्या ॲपमधली चित्रं काढायची, म्हणजे बटणं, बाण, लहानसहान खुणा. एखादी रेघ केसभर सरकली तरी ती हातघाईवर यायची, म्हणून ऑफिसने तिला हे नाव चिकटवलं होतं.

दातांचे डॉक्टर उंच होते, तरुण होते आणि मास्कच्या वर त्यांचे नुसते डोळे दिसत होते... डोळे मात्र हसरे. इंजेक्शन दिल्यावर जबडा बधिर होईपर्यंत पेशंटचं मन रमवायला ते काहीबाही बोलत राहायचे. त्या दिवशी गाडी घरावर घसरली. त्यांच्या घरमालकाला जागा परत हवी होती. घरात माणसं दोनच, ते आणि त्यांना लहानाचं मोठं करणारी आत्या. आत्याचे गुडघे कुरकुरायचे, म्हणून तळमजलाच हवा होता. भाड्याच्या घरांच्या एका ॲपवर अगदी मनासारखं घर दिसलं, निळ्या दाराचं, मागे इवलीशी बाग असलेलं. ते आवडीच्या घरांत टाकायला त्यांनी शेजारचं हृदय दाबलं. भरलं की नाही ते दिसेना, म्हणून खात्रीसाठी पुन्हा दाबलं. झालं, पहिल्यांदा आत गेलेलं घर दुसऱ्यांदा दाबल्यावर बाहेर पडलं, आणि नंतर कितीही शोधलं तरी हाती लागलं नाही.

"इतकं फिकट गुलाबी हृदय," डॉक्टर म्हणाले, "की आपल्याला काही आवडलंय का, हे त्याचं त्यालाच कळत नसेल. ज्याने कुणी ते काढलंय ना, त्याने एकदा या खुर्चीत येऊन बसावं, एवढीच माझी इच्छा आहे."

रेघाचे कान तापले. ते गुलाबी तिनेच निवडलं होतं, आणि काय तलम रंग आहे म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती. कापूस कोंबलेल्या तोंडाने तिने खरं काय ते सांगून टाकलं.

"ई ई आए."

"दुखतंय?"

तिने जोरजोरात मान हलवली आणि पुन्हा तेच म्हणाली. डॉक्टरांनी काळजीने आणखी एक इंजेक्शन दिलं.

काम संपून जीभ ताळ्यावर आली तेव्हा कुठे तिने ती मीच, हे नीट शब्दांत सांगितलं. डॉक्टरांनी मास्क उतरवला, तर त्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल. माफी कुणी मागायची यावरच मग दोघांची बराच वेळ घासाघीस चालली. शेवटी ठरलं ते असं, की दाढेसाठी तिला आणखी काही खेपा घालाव्या लागणारच होत्या. तर येताना तिने नव्या खुणा काढून आणायच्या आणि डॉक्टरांनी त्या दाबून बघायच्या. हरवलेलं घर शोधायचं काम तर तिने आपणहून अंगावर घेतलं.

घर सापडलं. पण तोवर ते दुसऱ्या कुणी घेतलं होतं. हे फोनवर सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला, की डॉक्टरांना ते दोनदा विचारावं लागलं. आता हे तोडून बोलणार, म्हणून ती वाट बघत राहिली. 

"मग आता तुम्हाला आमच्याबरोबर घरं बघत फिरावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "शिक्षा म्हणून."

शिक्षा ऐकून इतकं हसू कसं आलं, याचं तिलाच नवल वाटलं.

आत्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसून पेशंटांना आत सोडायची. सगळी हयात गणित शिकवण्यात गेलेली, त्यामुळे अर्धवट उत्तर तिला चालायचं नाही. रेघाने मोबाइल पुढे धरला, तेव्हा चष्मा कपाळावर सारत तिने विचारलं, भरलेलं हृदय म्हणजे घर ठेवलेलं आहे, की दाबलं म्हणजे ठेवलं जाईल? आत्ताचं सांगतंय की पुढचं? रेघाने मोबाइल परत पिशवीत टाकला. पुढच्या खेपेला तिने हृदयाच्या जागी चांदणी आणली, तर डॉक्टरांना वाटलं घराला कुणी गुण दिलेत. त्याच्या पुढच्या खेपेला भरलेल्या हृदयाखाली तिने 'काढा' असा शब्द लिहिला, म्हणजे नको असेल तर दाबून काढून टाका. आत्याने तो मोठ्याने वाचला, आणि घराखाली काढा कशाला, मला काही सर्दी झालेली नाही, म्हणाली. आतल्या खोलीत डॉक्टर इतके हसले, की खुर्चीतला पेशंट उठून बसला.

अखेर जमलं. गडद रेघेचं पोकळ हृदय आणि शेजारी शब्द, 'ठेवा'. दाबलं की हृदय आतून गच्च भरायचं आणि शब्द व्हायचा, 'ठेवलं'. रंग ओळखू आला नाही तरी पोकळ कुठलं आणि भरलेलं कुठलं यात गफलत होणार नव्हती. आत्याने चष्मा न लावता हात लांब करून पाहिलं, एकदा दाबलं, पुन्हा दाबलं आणि कळलं म्हणून मान डोलावली. रेघाने तिला मिठीच मारली.

ऑफिसात साहेब फिकट गुलाबीवर अडून बसले होते. रेघाने वाद घातला नाही. ती त्यांना मोबाइलसकट गच्चीवर उन्हात घेऊन गेली आणि यातलं कोणतं घर ठेवलंय ते सांगा, म्हणाली. साहेबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, हाताचा आडोसा करून पाहिला आणि शेवटी तुझंच कर बाई, म्हणून खाली उतरले. आनंदाच्या भरात तिने फोन लावला तो डॉक्टरांना. असलं काही झालं की एरवी पहिला फोन आईला जायचा... हे तिच्या लक्षात आलं ते फोन ठेवल्यानंतर.

दर रविवारी तिघं घरं बघायला निघायची. आत्या दमली की एखाद्या बाकावर टेकायची आणि या दोघांना पुढे पिटाळायची. एकदा असंच पावसाने गाठलं. छत्री एकच. तिच्या उंचीला धरली तर डॉक्टरांचं डोकं आत अडकायचं, त्यांच्या उंचीला धरली तर तिच्या बाह्या भिजायच्या. डॉक्टरांनी छत्री मुकाट्याने तिच्यावर धरली आणि स्वतः निथळत चालत राहिले. त्याच दिवशी एका घराच्या बुटक्या चौकटीवर त्यांचं कपाळ आपटलं. "बघू..." म्हणत रेघाने काही विचार न करता त्यांच्या कपाळावर तळवा ठेवला. ओले केस, गरम कपाळ, आणि अगदी जवळून तिच्याकडे बघणारे ते डोळे. हात काढायला तिला अंमळ उशीरच झाला. 

मग दाढेवर कॅप बसली आणि काम संपलं. खुणाही काढून झाल्या होत्या. पुढच्या आठवड्यात रेघाला दवाखान्यात जायला कारणच उरलं नाही. तिने ते शोधून काढलं. कॅप जरा उंच वाटतेय, असं तिने फोनवर सांगितलं. डॉक्टरांनी दाताखाली निळा कागद धरून कॅप कुठे जास्त टेकतेय ते पाहिलं, घासायचं यंत्र फिरवलं, तिला घरी पाठवलं. काही दिवसांनी कॅप पुन्हा उंच वाटू लागली.

दुपारची वेळ होती. बाहेर पाऊस लागला होता आणि दुसरा पेशंट कुणी नव्हता. डॉक्टरांनी निळा कागद ठेवला, चावायला सांगितलं, बराच वेळ बघत राहिले आणि कागद काढून घेतला.

"कॅप बरोबर आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून बरोबर आहे."

"मग मागच्या वेळी घासलीत कशाला?"

"कुठे घासली? यंत्र नुसतं सुरू केलं होतं... दाताला लावलंच नाही." ते मास्कच्या दोरीशी चाळा करत राहिले. "बरोबर आहे म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही परत कशाला आला असता?"

रेघा खुर्चीत नीट उठून बसली.

"मलाही ती कधी उंच वाटली नाही," ती म्हणाली.

दोघंही हसली.  नवं घर कुठलं घेणार ते आज कळवायचं आहे, डॉक्टर सांगू लागले. बघून बघून दोन घरं उरली होती. छोटं दोघांना पुरेसं होतं. दुसरं मोठं, पूर्वेला खोली असलेलं. ते बघायला गेले तेव्हा तिथल्या खिडकीपासून रेघाचा पाय निघत नव्हता. आत्या म्हणत होती मोठंच घे.

"मी म्हटलं, दोघांना एवढं कशाला? तर म्हणाली, मला गणित शिकवू नकोस, जा आणि तिला विचार."

"मग विचारा ना," रेघा हळूच म्हणाली.

"मला तू... म्हणजे तुम्ही..." ते अडखळले, आणि मग तिच्याकडे सरळ बघत म्हणाले, "मला तू फार आवडतेस. आत्ताच उत्तर द्यायला हवं असं नाही. छोटं घर घेतलं तरी मी—"

"मोठं घे," ती म्हणाली.

घ्या म्हणायचं राहून गेलं होतं. तिलाही ते कळलं, त्यालाही कळलं. त्याने हातमोजे काढले आणि हात पुढे केला. तिने तो धरला, घट्ट.

पडद्यापलीकडच्या बाहेरच्या खोलीतून फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला. आत्या मोठ्या घराच्या मालकांना ठणकावून सांगत होती, की घर आम्ही घेतलं. फक्त पूर्वेच्या खोलीला रंग कुठला द्यायचा ते आमची सून सांगेल, आणि ती जरा वेळ लावेल, तर घाई करू नका.