भिंतींच्या आतलं माप

लेझरचा लाल ठिपका भिंतीऐवजी एका निळ्या शर्टावर पडला.

"दोन मीटर चाळीस," मी आकडा वाचला… आणि मग वर पाहिलं.

"एवढ्या लांबून मोजताय?" दारातला तो हसला. "जवळ येऊ का?"

"बाजूला झालात तरी पुरे!"

असा भेटला मला पवन. कुसगावातलं शालनमावशींचं गेस्ट हाऊस त्यानं उभारलेलं – आर्किटेक्ट म्हणून पहिलीच इमारत. मी पुण्याहून आलेली. इमारत वर्षाला किती वीज खाईल, याचा कॉम्प्युटरवर अंदाज काढणं हे माझं काम. चौरस मीटरमागे नव्वद युनिटच्या आत बसली, तर मावशींना प्रमाणपत्र मिळणार होतं. आणि ते मिळालं, तरच एक मोठी कंपनी आपले पाहुणे इथं उतरवणार होती.

तीन दिवस आम्ही खोल्या मोजत फिरलो; मोजता मोजता तो परंदवडीतल्या आपल्या आई-बाबांबद्दल सांगायचा. बाहेर धुकं इतकं, की डोंगर सोडाच, फाटकही दिसेना. टेप गुंडाळताना बोटाला बोट लागायचं… आणि दोघंही उगाच छताकडे बघायचो.

चौथ्या दिवशी भांडलो.

"क्षेत्रफळ सहाशे वीस," तो म्हणाला.

"पाचशे तीस."

"मी भिंतींच्या बाहेरून मोजलंय."

"मी आतून. तुझ्या दगडी भिंतीच दीड-दीड फुटांच्या! त्यांच्यात कोण राहतं?" रागात 'तुमच्या'चं 'तुझ्या' झालं, ते दोघांनाही कळलं.

"बाहेरून धरलं तर एक्क्याऐंशी युनिट, राजेश्वरी. पास! आतून धरलं तर चौऱ्याण्णव. वीज तेवढीच, इमारत तीच… नुसता भागाकार बदलतो."

"म्हणूनच तर! ज्या हॉटेलांशी तुलना करायची, ती सगळी आतून मोजलीत. आपण एकटेच बाहेरून कसे मोजणार?"

"माझी पहिली इमारत आहे गं ही…"

एक आकडा बदलला असता, तर तो हसला असता. मी पाचशे तीसच लिहिलं. तो चहा न घेताच निघून गेला.

मावशींना सगळं सांगितलं, ते डोळे पुसत-पुसतच.

"खरं हाय त्येच लिवलंस न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग रडतीस कशाला? बस हितं."

दोन दिवस त्याचा फोन नाही. तिसऱ्या सकाळी तो दारात उभा – काखेत नकाशे, डोळे जागरणानं लाल.

"गीझर काढतोय, छतावर सोलर. पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जे."

"आणि पावसाळ्यात ऊन कुठून आणणार?"

"ते चार महिने वीजच धर. आणि मोज… आतूनच मोज."

मी आकडे भरले. पडद्यावरची पट्टी मुंगीसारखी सरकत होती. त्याचा श्वास माझ्या कानाशी…

सत्त्याऐंशी!

मी किंचाळलेच. "काय पडलं गं?" स्वयंपाकघरातून मावशी ओरडल्या.

"न्हाई मावशी, पास झालो!" पवन ओरडला. मग आवाज खाली आला. "त्या दिवशी माझ्यासाठी आकडा बदलला असतास ना, तर मी खूश झालो असतो. पण आज परत आलो नसतो."

"आज तरी कशाला आलास? छज्जे दाखवायला?"

"छज्जे फोनवरही सांगता आले असते." तो थांबला. "तुझ्यासाठी आलो… आवडतेस तू मला. फार."

मी लॅपटॉप मिटला. गाल नुसते तापले होते.

"परंदवडीला तुझे आई-बाबा असतात ना?" मी विचारलं. "कधी नेतोस?"