ऐक, गाडी लाव!

“पहिली उडी मी मारणार!” भोंगा ओरडला.

“तू? तुला काठावर बसवून पाय धुवायला लावते की नाही बघ!” झिपरीने त्याच्या हातातला टॉवेल हिसकावला.

“तलाव पाच वाजता बंद होतो,” प्रोफेसर पुस्तकातून मान वर न काढता म्हणाला. “तोवर तुमचं भांडण संपलं तर मला हाक मारा.”

झिपरी बारा वर्षांची. तिच्या केसांनी आजवर एकाही कंगव्याला दाद दिली नव्हती. भोंगा तिचा दहा वर्षांचा भाऊ. तो हळू बोलला तरी तीन घरांपलीकडे ऐकू जायचं. सुट्टीसाठी दोघं आत्याकडे आली होती. प्रोफेसर हा आत्याचा मुलगा. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठीसुद्धा तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा.

आज आतोबांची अर्धी सुट्टी होती. ते तिघांना पोहायला नेणार होते.

बरोबर बारा वाजता गल्लीत एक लांबलचक नवी काळी गाडी शिरली. आतोबा ज्या साहेबांकडे ड्रायव्हर होते, त्यांची गाडी. ती कधीच घरी येत नसे. आतोबा खाली उतरले आणि बूटही न काढता पायरीवर बसले.

“आतोबा, चला ना! टॉवेल घेतले!”

आत्या हात पुसत बाहेर आली आणि त्यांचा चेहरा बघून तिथेच थबकली.

“काय झालं?”

“साहेब म्हणतात, मी चोर आहे.”

झिपरीने हातातला टॉवेल खाली टाकला.

आतोबांनी तुटक तुटक सगळं सांगितलं. साहेबांचा खेळण्यांचा कारखाना होता. खेळणी बनवायच्या त्यांच्या थोरल्या बहीण, ताईसाहेब. त्यांनी भिंतीवर चढणारी खार केली, तर आठ दिवस आधीच पलीकडच्या कारखान्याची खार दुकानांत हजर! मग त्यांनी उलटी चालणारी आगगाडी केली. तीही आधीच हजर! काल शिट्टी ऐकून मान फिरवणारं कासवसुद्धा पलीकडच्यांनीच बाजारात आणलं.

“पण ह्यात तुमचा काय संबंध?” आत्याने विचारलं.

“कारखान्यात भिंतींना कान असतात, असं साहेबांचं म्हणणं. म्हणून गुप्त बोलणं असलं की ते आणि ताईसाहेब गाडीत येऊन बसतात. गाडीत माणसं तीन. साहेब, ताईसाहेब आणि मी. म्हणजे फोडणारा कोण? मी! गाडी धुऊन चार वाजता किल्ली परत द्यायची. पाच वाजता ते पोलिसांना बोलावणार आहेत.”

“बावीस वर्षं त्याची गाडी चालवलीत, त्याचं हे फळ?” आत्या म्हणाली.

समोरच्या शिंप्याने सगळं ऐकलं होतं. एरवी गप्पा मारायला धावत येणाऱ्या त्या माणसाने आज दुकानाचं दार हळूच ओढून घेतलं. झिपरीच्या अंगाची लाही लाही झाली. “बघितलंत? चोर म्हणायला एक तोंड लागतं आणि विश्वास ठेवायला अख्खी गल्ली तयार!”

“त्या साहेबाचा टायर फोडू या!” भोंगा म्हणाला.

“टायर फोडून चोर सापडत नाही, अकलेच्या खंदका!” प्रोफेसरने पुस्तक मिटलं. ते त्याने आपणहून मिटलेलं दोघांनी पहिल्यांदाच पाहिलं. “बाबा, गाडी आम्ही धुतो. तुम्ही पाणी प्या.”

तिघं बादली आणि फडकी घेऊन गाडीला भिडले. भोंग्याने चाकांपेक्षा झिपरीवरच जास्त पाणी उडवलं. तिने त्याच्या डोक्यावर ओलं फडकं पिळलं आणि ती पुढच्या सीटवर शिरली. समोरच्या स्क्रीनवर एक जाड रुमाल चिकटपट्टीने लावलेला होता.

“आतोबा, हे काय?”

“साहेबांना स्क्रीनचा उजेड डोळ्यांत खुपतो. म्हणाले, झाकून टाक. शिवाय गाडीतली बाई मधे मधे बोलायची. ‘उजवीकडे वळा, पट्टा लावा.’ साहेब भडकले. ‘माझ्या गाडीत माझ्याशिवाय कुणी बोलायचं नाही,’ म्हणाले. त्यांनी स्वतःच आवाज शून्यावर नेला आणि मला ताकीद दिली, हात लावशील तर याद राख.”

झिपरीने रुमाल सोलून काढला. “बरं, साहेब ताईसाहेबांशी बोलायला गाडीत बसतात, तेव्हा आधी काय होतं? अगदी पहिल्यापासून सांगा.”

“काय होणार? दोघं मागे बसतात. उन्हात नको म्हणून साहेब मला गाडी झाडाखाली घ्यायला सांगतात. म्हणजे ओरडतात.”

“कसे ओरडतात?”

आतोबांनी मान खाली घातली. मुलांसमोर ते शब्द उच्चारायची त्यांना लाज वाटली. मग ते पुटपुटले, “ऐक, गाडी लाव, बैलोबा.”

“तुम्हाला बैलोबा म्हणतो?” झिपरीचे डोळे लाल झाले.

“त्यांच्या मते जगात ते सोडून सगळे बैलोबाच. पलीकडच्या कारखान्याच्या मालकालाही ते असंच म्हणतात.”

भोंगा तोवर मागच्या सीटवर चढला होता. त्याने पोट पुढे काढलं, गाल फुगवले आणि साहेब बनून सगळी गल्ली दणाणून सोडली. “ऐक! गाडी लाव, बैलोबा!”

स्क्रीन उजळली.

आवाज काहीच आला नाही. फक्त निळ्या पाटीवर अक्षरं उमटली. ‘बैलोबा यांना फोन लावत आहे.’ आणि क्षणभराने, ‘मालकाचा फोन जवळ नाही.’

तिघंही स्क्रीनवर वाकली.

“परत म्हण!” प्रोफेसर किंचाळला.

भोंगा परत ओरडला. परत तीच पाटी!

प्रोफेसरने डॅशबोर्डखालचा कप्पा उघडून गाडीचं माहितीपुस्तक काढलं. एवढं जाड पुस्तक गाडी आल्यापासून कप्प्यात कोरंकरकरीत पडलं होतं. तो भराभरा पानं उलटू लागला. “हे बघा! ‘ऐक गाडी’ असं म्हणताच आवाजाची यंत्रणा जागी होते. पुढे ‘लाव’ म्हणून नाव घेतलं, की त्या नावाला फोन जातो. मालकाच्या फोनमधली नावं गाडी लक्षात ठेवते.”

“म्हणजे...” झिपरीने श्वास रोखला. “साहेबाने पलीकडच्या मालकाचं नाव फोनमध्ये ‘बैलोबा’ असं घातलंय! तो आतोबांवर ओरडतो, ‘ऐक, गाडी लाव, बैलोबा!’ आणि गाडी त्याच्या शत्रूलाच फोन लावते!”

“आणि स्क्रीन झाकलेली!” प्रोफेसर म्हणाला. “आवाज शून्यावर! तिकडचा कितीही हॅलो हॅलो करू दे, इकडे कुणाला कळणारच नाही. तो मात्र सगळं ऐकणार.”

“गाढवाने स्वतःच ओरडून स्वतःची गुपितं फोडली!” भोंगा सीटवर उड्या मारू लागला.

आतोबांनी स्क्रीनवरची पाटी पुन्हा एकदा वाचली. “मी साहेबांना हे नीट सांगतो,” ते शेवटी म्हणाले.

“त्याने आजवर ऐकलंय कधी तुमचं?” झिपरीने विचारलं. “त्याच्याच तोंडून ते वदवायला हवं. सगळ्यांसमोर. गाडी वाकडी लावा, तो ओरडेलच!”

“नाही. मी खोटेपणा करणार नाही. आणि बावीस वर्षांत मी गाडी वाकडी लावलेली नाही.”

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. किल्ली द्यायला तिघंही बरोबर निघाली, पण मागे बसण्याआधी झिपरीने आवाजाची गोल कळ उजवीकडे फिरवली, अगदी थांबेपर्यंत.

चार वाजता गाडी कारखान्याच्या फाटकाशी पोचली. पहारेकऱ्याने काठी आडवी धरली. “ह्या पोरांना कशाला आणलंस? चोराची वरात का?”

“तोंड सांभाळून बोला!” झिपरी खिडकीतून ओरडली.

“आवाज खाली! नाहीतर कान धरून बाहेर काढीन!”

“आधी काठी धरायला शिका, उलटी धरलीय!” भोंगा म्हणाला. पहारेकऱ्याने काठीकडे पाहिलं, तेवढ्यात गाडी आत गेली.

मोकळ्या आवारात कामगार चहाला बाहेर आले होते. त्यांच्यातून वाट काढत साहेब आले. अंगाने आडवे, कपाळावर कायमच्या आठ्या. त्यांच्या मागून ताईसाहेब आल्या. त्यांच्या बोटांना रंग लागलेला होता.

“आलास? किल्ली दे!”

आतोबांनी काच खाली केली. “साहेब, दोन मिनिटं ऐकून घ्या. ह्या गाडीमुळेच...”

“गाडीमुळे? आता गाडीवर ढकलतोस? लाज नाही वाटत? खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस!”

“बोलू तरी दे त्यांना,” ताईसाहेब म्हणाल्या.

“चोरांचं काय ऐकायचं, ताई? आणि ही कार्टी कोण? टोळीच घेऊन आलाय! ए, गाडी आधी त्या झाडाखाली घे आणि चालता हो!”

कामगारांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. आतोबांचे कान लाल झाले. त्यांनी आरशात पाहिलं. आरशात झिपरीचे डोळे दिसले, आणि ते पाण्याने भरले होते.

आतोबांनी गियर टाकला. गाडी झाडाकडे गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती वाकडी लावली. अशी वाकडी, की तिचं नाक ताईसाहेबांच्या मालाच्या व्हॅनला टेकायचं बाकी राहिलं!

“अरे, डोळे फुटले का?” साहेब धावत आले. “आंधळा झालास?”

तिघांनी श्वास रोखले. गाडी गप्पच होती.

“सरळ करतोस की उतरवू तुला?”

अजून काही नाही. भोंग्याने झिपरीचा हात इतका घट्ट धरला, की तिची बोटं दुखू लागली.

आतोबा शांतपणे म्हणाले, “मला कळलं नाही, साहेब. काय करू?”

साहेबांचा तोल सुटला. खिडकीत डोकं घालून ते गरजले, “बहिरा झालास? ऐक! गाडी लाव, बैलोबा!”

“बैलोबा यांना फोन लावत आहे!”

गाडीतल्या बाईचा खणखणीत आवाज आवारभर घुमला. साहेब दचकून मागे सरले, त्यांचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. घंटी वाजली. एकदा, दोनदा. मग सगळ्या स्पीकरांतून एक जाड आवाज आला.

“ए, गप्प बसा रे सगळे! त्याची गाडी बोलायला लागली! पेन आण, पेन! कासवानंतर काय काढतोय बघू. कसला मूर्ख माणूस, दर वेळी स्वतःच फोन लावतो आणि स्वतःच सगळं सांगतो!”

पलीकडून चार-पाच जण खदखदून हसले.

इकडे कामगारांच्या हातांतले कप हातांतच राहिले. तो आवाज त्या धंद्यातला प्रत्येक जण ओळखत होता.

ताईसाहेब पुढे आल्या. खिडकीशी वाकून त्या अगदी स्पष्ट बोलल्या, “पेन ठेवा खाली. मी बोलतेय. खार माझी, आगगाडी माझी, कासव माझं. आज तुमचं बोलणं माझ्या चाळीस माणसांनी ऐकलंय. उद्या वकिलांना घेऊन येते.”

पलीकडे खुर्ची पडल्यासारखा आवाज झाला आणि फोन कटला.

ताईसाहेबांनी हात पुढे केला. “फोन दे तुझा.”

“ताई, ते यंत्रच बिघडलेलं...”

“दे म्हणते ना!” त्यांनी फोन घेऊन बोटाने यादी सरकवली. “बैलोबा. बैलोबा. बैलोबा. एकूण अकरा वेळा! हे तुला एकदाही दिसलं नाही?”

“मला ती बारीक अक्षरं...” साहेब पुटपुटले.

“चष्मा लावायला लाज वाटते आणि माणसाला चोर म्हणताना नाही?” ताईसाहेब मुलांकडे वळल्या. “हे कुणी शोधून काढलं?”

“तिघांनी!” तिघंही एकदम म्हणाली. मग भोंगा लगेच म्हणाला, “पण ओरडलो मी!”

“ओरडलास तू, वाचलं ह्याने आणि विचारलं हिने, असंच ना? कारखान्यातल्या शहाण्यासुरत्या माणसांना महिनाभर जे सुचलं नाही, ते तुम्ही एका दुपारी केलंत. शाब्बास!”

साहेबांनी घसा खाकरला. “ठीक आहे. झालं ते झालं. उद्या नऊला ये कामावर.”

आतोबा गाडीतून उतरले. “साहेब, चोर म्हणालात ते सगळ्यांसमोर म्हणालात.”

“मग?”

“मग हेही सगळ्यांसमोर म्हणा.”

साहेबांनी बहिणीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर दयेचा लवलेश नव्हता. ते जमिनीकडे बघत म्हणाले, “चूक झाली.”

“ऐकू आलं नाही!” मागून भोंगा गरजला. प्रोफेसरने त्याच्या तोंडावर हात ठेवला, पण मुद्दाम जरा उशिरानेच.

“माझी चूक झाली!” साहेब ओरडले.

आतोबांनी किल्ली गाडीच्या टपावर ठेवली. “आता ही तुमच्याकडे. मी नाही येणार.”

“अहो, थांबा,” ताईसाहेब म्हणाल्या. “माझ्या व्हॅनला ड्रायव्हर नाही. माझी खेळणी दुकानांत न्यायला भरवशाचं माणूस हवंय मला. याल?” आणि भावाला म्हणाल्या, “तू तुझी गाडी स्वतः चालव. बोलायला कुणी नसेल तर बरंच आहे.”

आतोबांनी दोन्ही हात जोडले.

फाटकाशी पहारेकऱ्याने ह्या वेळी काठी बाजूला घेतली. “पोरं तिखट आहेत हां तुमची,” तो चुळबुळत म्हणाला. झिपरीने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

घरी जायला बस होती. चौघं मागच्या बाकावर दाटीवाटीने बसली. बस सुटून बराच वेळ झाल्यावर कंडक्टर आला.

“किती तिकिटं?”

“चार,” आतोबा म्हणाले. “आणि ड्रायव्हरना म्हणावं, जरा जपून चालवा. ह्या तिघांनी आज माझी अब्रू वाचवलीय.”