सातव्या वळणाची हाक

घाटाच्या पायथ्याशी सकाळी सहाला पळणारी माणसं जमायची. कुणी गुडघे चोळायचं, कुणी बुटाची नाडी आवळायचं, आणि निघायच्या आधी सगळ्यांचा हात कानामागं जायचा. तालटिकली नीट चिकटलीय ना, एवढंच बघायला.

मसुरीच्या दाण्याएवढी ती टिकली. हाडातून नाद पोचवायची, म्हणून कानात काही खुपसावं लागायचं नाही, आणि बाहेरचा आवाजही तिच्यातून गाळूनच यायचा. नाडीचे ठोके आणि पावलांची लय ओळखून ती ज्याचं त्याला ताजं गाणं विणून द्यायची. गाणं ऐकत रस्त्यावर पळावं की नाही, यावर साताऱ्यात पूर्वी घराघरात वाद व्हायचे. टिकलीनं ते मिटवले. गाडीचा हॉर्न, कुत्र्याची गुरगुर ती जशीच्या तशी आत सोडायची. उरलेला गोंगाट मात्र पुसायची नाही. पुसला तर तिथं पोकळी राहते, पाऊल अडखळतं. म्हणून नको असलेला आवाज ती सुरात मुरवून घ्यायची, दुधात साखर विरघळावी तसा.

हर्षदाला तिच्यातली जात्यावरची लय आवडायची. तिच्यामागं एक वळण ठेवून तिचे वडील, म्हणजे आबा, पळायचे. पळायचे म्हणजे दुडकायचे. सर्जेरावांनी एकतीस वर्षं याच घाटातून एसटी चालवली होती. निवृत्तीनंतर छातीनं कुरकुर केली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर हे लेकीच्या मागं धावायला लागले. प्रत्येक वळणावर हॉर्न द्यायची सवय हाडात मुरलेली. आता हॉर्न नव्हता, गळा होता. वळण आलं की ते हाक घालायचे, "हो-ओऽऽ", आणि वरून हर्षदानं ओ दिल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचे नाहीत. लोक हसायचे. एसटी आली, बाजूला व्हा, म्हणायचे. आबांना त्याची मौज वाटायची.

हर्षदाला वाटायची नाही. ओ देताना श्वास तुटायचा, आणि जिल्ह्याच्या संघात जायचं तर तिला चाळीस सेकंद जास्त लागत होते. निवड पंधरा दिवसांवर आली तेव्हा तिनं टिकलीवर दोनदा बोट टेकवलं आणि आबांची हाक नको म्हणून सांगितलं.

"हा आवाज ओळखीचा आहे," टिकली म्हणाली. "कायमचा नको?"

"कायमचा."

आबांना तिनं यातलं काही सांगितलं नाही. घाटाचा रस्ता उलटसुलट दुमडत जातो, खालच्या वळणावरून वरचं वळण दिसतं. प्रत्येक वळणावर ती मागं न बघता हात वर करायला लागली. आबांनी तोच ओ मानला. ड्रायव्हरला हाताची खूण पुरते गं, म्हणाले, आणि खूश झाले.

त्या मंगळवारी धुकं विरळ होतं. आठव्या वळणाशी तिच्या गाण्यात एक लांब सूर आला. बासरी म्हणावा तर ओला, रडणं म्हणावं तर गोड. तो सूर पुन्हा आला, मग आणखी एकदा, आणि तिच्या पोटऱ्यांत बळ भरत गेलं. तिनं सवयीनं हात वर केला आणि ती सुसाट सुटली. माथ्यावर पोचली तेव्हा त्रेचाळीस सेकंद वाचले होते. आजचं गाणं जपून ठेवू का, टिकलीनं विचारलं. ठेव, ती म्हणाली.

मग ती कट्ट्यावर आबांची वाट बघत बसली. आबांच्या ऐवजी संपत दूधवाला आला. मोटरसायकलचे कॅनही त्यानं कुठंतरी उतरवून ठेवले होते.

तो सांगत होता, आबा सातव्या वळणावर कठड्याला टेकून बसले होते, घामानं भिजलेले. संपतनं गाडीवर घ्यायला हात धरला, तर त्यांनी सोडवून घेतला.

"म्हणाले, घाई नको, पोरीनं हात केलाय, येतीय ती," संपत खाली बघत म्हणाला. "म्हणून मीपण थांबलो, ताई. दहा मिनिटं थांबलो असेन."

दवाखान्यात डॉक्टरांनी "थोडं आधी आणलं असतं तर" एवढं म्हणून वाक्य तसंच सोडून दिलं.

तेरावं झालं. हर्षदा टिकलीच्या दुकानात गेली. तिथल्या नाझियानं ते जपलेलं गाणं पडद्यावर उलगडलं. धाग्यांसारख्या रेघा होत्या, त्यांत तीन रेघा वेगळ्या रंगाच्या.

"हाक मिटलेली नसते, ताई," नाझिया हळू आवाजात म्हणाली. "गाण्याच्या पोटात असते. उसवून देता येते. पण एकदा उसवलं की ते गाणं परत विणता येत नाही."

"काय म्हणाले असतील ते?"

"ते मी ऐकलेलं नाही. ते तुम्हीच ऐकायचं."

उसवण्याची सोय टिकलीत भरून घेऊन ती दुसऱ्या सकाळी घाटात गेली. निवड होऊन गेली होती, ती गेलीच नव्हती. रोजची "हो-ओ" असेल, असं ती पंधरा दिवस स्वतःला समजावत होती. पण रोजची हाक एका वळणाला एकदाच यायची. ही तीनदा होती. सातव्या वळणावर येऊन ती कठड्याला टेकून बसली, आबा बसले होते तिथंच. तिथून वरचं वळण खरंच हातभर अंतरावर वाटत होतं. ती टिकली कानामागून काढून तळहातावर घेऊन किती वेळ बसली कोण जाणे.

वरच्या वळणाकडं आकाशी टोपीवाला एक माणूस पळत चालला होता. का ते तिलाही कळलं नाही, पण ती उठली आणि छाती भरून तिनं हाक घातली, "हो-ओऽऽ".

त्यानं मागं पाहिलं नाही. त्याची मान तेवढी गाण्यात रमल्यासारखी किंचित डोलली आणि पावलं झपझप पडायला लागली.

हर्षदा त्याच्याकडं बघत उभीच राहिली. त्याच्या गाण्यात आपण आता कोणता सूर झालो असू, आणि तो त्याला गोड लागत असेल का?