पाच रिकामी घरं

दिव्याजवळ बसा, कॉफी घ्या. मला आखूड नळीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांचं वेड आहे, आणि मी एकदा त्यावर सुरू झालो की लवकर थांबत नाही. पण आज स्क्रू आणि खटके सांगून तुमचं डोकं खाणार नाही. बर्नडीनच्या घरी काय झालं, तेवढंच सांगतो.

बर्नडीन ही माझा मित्र व्हर्जिल याची बायको. ओहायोतल्या झाडून सगळ्या शस्त्रमेळ्यांत व्हर्जिल आणि मी तीस वर्षं एकाच टेबलामागे बसलो आणि रिव्हॉल्व्हरांच्या जन्मसालांवरून भांडलो. तो नोव्हेंबरात गेला. जानेवारीत एका दुपारी बर्फ पडत असताना बर्नीचा फोन आला.

"क्लेट, लिलाववाला चारला येतोय. त्याच्या आधी ये. पपांचं कुठलं ते मला कळायला हवं."

तिचे पपा कॅझिमिर टोलेडोला पोलिसात होते. निवृत्त होताना त्यांनी आपलं रिव्हॉल्व्हर एका सहकाऱ्याला देऊन टाकलं, आणि पुढे ते कुठे गेलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. व्हर्जिलने वर्षानुवर्षं शोधून गेल्या उन्हाळ्यात ते मिळवलं. "वाढदिवसाला दाखवतो," म्हणाला. तिचा वाढदिवस डिसेंबरात. त्याच्या खणात एकसारखी तीन रिव्हॉल्व्हरं निघाली.

बर्नीने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून ठेवली होती, शेजारी पपांची नोकरीतली डायरी. त्यात निळ्या शाईने नंबर लिहिलेला. "पुरात सगळं गेलं," ती म्हणाली. "त्यांचं म्हणून एवढंच उरलंय."

आमच्यात एक रीत आहे. देणाऱ्याने गोळ्या भरायचं फिरतं सिलिंडर उघडून द्यायचं. घेणाऱ्याने त्यातल्या गोळीच्या प्रत्येक घरात करंगळी घालून रिकामी घरं मोठ्याने मोजायची. देणारं कुणी नसूनही मी तीनदा "पाच रिकामी" म्हणालो. तिन्ही स्मिथ कंपनीची, सिलिंडरचा खटका चपटा, स्क्रू चार, म्हणजे तिन्ही १९५०च्या दशकाच्या अखेरची. नंबर मुठीच्या तळाशी. भिंग लावून वाचले. एकही जुळेना.

"नाही गं, बर्नी. यातलं एकही नाही."

"नीट बघ. मोतीबिंदू काढलास ना?"

"डोळे ठणठणीत आहेत माझे."

"मग व्हर्जिल खोटं बोलला?"

ती शेगडीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते, आणि मला मेलेल्या मित्राचा मनापासून राग आला. मी तिन्ही सिलिंडरं बंद केली.

तेवढ्यात लवंगेचा वास आला. शेगडीवर काहीतरी शिजत असेल, असं वाटलं. मग खट्ट. बारीकसा आवाज. मधल्या रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडं होतं.

तो खटका अंगठ्याने पुढे रेटल्याशिवाय सुटत नाही. झिजला असेल, म्हणून मी पुन्हा बंद केलं. वास आता अगदी खांद्याशी आला. माझ्या डोळ्यांदेखत खटका पुढे सरकला... आणि सिलिंडर सावकाश बाहेर आलं. आदळत नव्हतं, कुणीतरी हलक्या हाताने उघडून माझ्यापुढे धरल्यासारखं येत होतं.

"बर्नी... तू हात लावलास?"

"मी इथे आहे, क्लेट..."

मी वाकलो. सिलिंडरचा दांडा जिथे चौकटीत बसतो, त्या फटीत खिडकीतला उजेड पडला होता. तिथे बारीक नंबर होता. मी तो मुद्दामच वाचला नव्हता. स्मिथमध्ये तिथला आकडा कारागिरांनी जुळणीसाठी टाकलेला असतो. त्याला फसू नका, हेच तर आम्ही नवशिक्यांना पहिल्यांदा शिकवतो. कोल्ट कंपनीच्या रिव्हॉल्व्हरात मात्र खरा नंबर तिथेच असतो.

"पपांकडे याच्या आधी कोल्ट होतं का?"

"वीस वर्षं. का?"

म्हणजे नवं रिव्हॉल्व्हर हातात आल्यावर त्यांनी सवयीने उघडलं, सवयीच्या जागी पाहिलं आणि तोच आकडा डायरीत उतरवला. मी डायरी ओढली. एकेक आकडा जुळला. व्हर्जिलला हे कळलं होतं, आणि मी शहाणा मुठीचा तळ न्याहाळत बसलो होतो.

मी ते उघडंच बर्नीच्या हातात दिलं. ती रडत होती आणि हसतही होती. तिला आमची रीत ठाऊक नव्हती. "आता मोज," असं मी म्हणणार, तोच आम्हा दोघांच्या मधून, अगदी कानाशी, हलकेच कुणीतरी म्हणालं,

"प्येंच."

"व्हर्जिल...?" माझ्या तोंडून निघालं.

"व्हर्जिलला पोलिश कुठे येत होतं?" बर्नी म्हणाली. "पाच म्हणाले. पपा असेच मोजायचे... आणि क्लेट, लवंगा तू आणल्यास? माझ्या घरात नसतात. दारूचा वास लपवायला पपा चघळायचे, तेव्हापासून मला तो वास नको होतो."

शेगडीवर फक्त कॉफीचं पाणी होतं.

लिलाववाला दोनच घेऊन गेला. तिसरं बर्नीच्या कपाटाच्या खणात आहे. दर रविवारी मी तिच्याकडे जेवायला जातो. कोबीच्या गुंडाळ्या खाऊन झाल्या की ती ते उघडून माझ्या हातात देते. मी पाचही घरांत करंगळी घालतो, पण आकडा म्हणत नाही. थांबतो. लवंगेचा वास येतो, आकडा येतो, आणि बर्नी डोळे पुसते. "जिवंत होते तेव्हा एवढे वक्तशीर नव्हते हो," म्हणते. मला तर त्या म्हाताऱ्याचा लळाच लागलाय.

गेल्या रविवारी मात्र वास आला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी आवाज आला, "च्तेरी."

बर्नीचं हसू मावळलं. "चार," ती म्हणाली. "चारच म्हणाले. मग पाचव्यात काय?"

मी पुन्हा करंगळी घातली, दोनदा. खिडकीशी नेऊन धरलं. पाचही घरांतून पलीकडचा बर्फ दिसत होता.

तेव्हापासून खण लावताना बर्नी नळीचं तोंड भिंतीकडे करून ठेवते.