नऊ फुटांची शेपटी

मिस्त्रीण दार न वाजवताच आत शिरली आणि हातातला कागद तिने टेबलावर असा आपटला की मास्तरांचा चहा बशीत सांडला.

"माझ्या बापाचं मशीन मी बनवायचं नाही म्हणे! यावर सही कर म्हणतात. हात तोडून घेईन, पण सही करणार नाही."

"आधी बसा," बाई म्हणाल्या.

बाईंनी तीस वर्षं विमा कंपनीसाठी बुडालेल्या होड्या तपासल्या होत्या. होडी बुडाली की बुडवली, हे त्या तळाच्या एका भोकावरून सांगत. निवृत्त झाल्या तरी लोक आपले गुंते घेऊन त्यांच्याकडेच येत. शेजारचे मास्तर जन्मभर भूगोल शिकवून आता बाईंची पिशवी धरायचं आणि चुकीचे अंदाज बांधायचं काम मनापासून करत असत.

मिस्त्रीण बसली, पण टेकली नाही. तिच्या नखांत काळं ग्रीस होतं.

"इंजिनं बनवणाऱ्या कंपनीने अर्ज केलाय, की उथळ पाण्यात होडी चालवायचं लांब दांड्याचं मशीन आमच्या माणसाने शोधलं. उद्या बारा वाजता नोंदणी कचेरीत सुनावणी. अर्ज मंजूर झाला की खाडीत दुसऱ्या कोणी ते बनवायचं नाही. माझं वर्कशॉप बंद. चाळीस वर्षांचं काम पाण्यात!"

"तुमचा पुरावा?"

"बापाने बनवलेलं पहिलं मशीन. शेडमध्ये जपून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात चोरीला गेलं. आणि काल कचेरीत जाऊन बघते तर काय, कंपनीने 'आमचं पहिलं मशीन' म्हणून तेच मांडून ठेवलंय! वर निळा रंग फासलाय मेल्यांनी."

"तेच कशावरून?" मास्तरांनी विचारलं.

"पोटचं पोर ओळखायला खूण लागते का, मास्तर? पण अधिकाऱ्याला लागते. खूण होती पाण्यात फिरणाऱ्या पंख्यावर. बाबा ओतकामाच्या साच्यात अंगठा दाबायचे, तो पात्यावर उमटायचा. आता त्यावर पंखाच दुसरा आहे."

बाई उठल्या. "मास्तर, पिशवी घ्या."

वर्कशॉप म्हणजे खाडीच्या काठावरचं लांबट पत्र्याचं छप्पर. मागे शेड. शेडचं कुलूप शाबूत होतं आणि किल्ली वर्कशॉपच्या दाराशी खिळ्याला लटकत होती.

"ही इथेच असते?"

"कायम. घाटावर सगळ्यांना ठाऊक आहे."

"उत्तम बंदोबस्त!" मास्तर पुटपुटले.

एका लाकडी घोडीवर तयार मशीन चढवलेलं होतं. मिस्त्रीण त्याच्या पाठीवरून हात फिरवत बोलायला लागली, आणि तिचा आवाज जरा खाली आला.

"कारखान्यातलं मशीन असतं ना, त्याचा पाय सरळ खाली जातो. त्याला कमरेइतकं पाणी लागतं. आमच्या खाडीत ओहोटीला घोटाभर. पंखा गाळात रुतायचा, गवत गुंडाळायचं, थंड व्हायला पाणी ओढायला जावं तर आत चिखल. बाबांनी काय केलं, शेतातल्या पंपाचं इंजिन आणलं. ते वाऱ्यावर थंड होतं. त्याला नऊ फुटी दांडा थेट जोडला, मध्ये गिअर नाही, काही नाही. पंखा जवळजवळ आडवा, पाण्याच्या जेमतेम खाली. गाळ आला की मूठ दाबायची, शेपटी वर. लोक हसले. म्हणाले, मिस्त्रीने होडीला शेपूट लावलं. पहिल्या वर्षी दांडा पेलणारा बुश चारदा जळला. मग बाबांनी दांडा नळीत घातला आणि नळीत ग्रीस भरलं. दुसऱ्या वर्षी हसणारेच रांगेत उभे."

"चालू करून दाखवा."

तिने दोरी ओढली. छप्पर दणाणलं. बाई मशीनच्या मागच्या टोकाला, पंख्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "मास्तर, इथून बघा. कुठल्या अंगाला फिरतोय?"

मास्तरांनी डोळे बारीक केले. "घड्याळाच्या उलट!" आपली नजर तपासली जातेय असं वाटून ते जरा रागावलेच.

मशीन थांबल्यावर बाईंनी पंख्याच्या पात्यावर आधी उजवा हात ठेवला, मग डावा. डावा अंगठा पात्यावर अलगद बसला. त्यांनी हात पुसला.

"पंखे कुठून आणता?"

"ओतून घेतो. बाजारचे आम्हाला चालत नाहीत," मागून आवाज आला.

तो मिस्त्रिणीचा धाकटा भाऊ होता. दाढी वाढलेली, नजर चुकवणारा.

"कंपनीच्या साहेबांना तुम्ही भेटला होतात?" बाईंनी थेट विचारलं.

भावाचा चेहरा उतरला. मिस्त्रिणीने मान झटकन वळवली.

"भेटलो. दोनदा." तो ताईकडे न बघता बोलला. "वर्कशॉप विकत घेतो म्हणाले. मला वाटलं, ताईची पाठ गेलीय, किती दिवस नऊ फुटी दांडे उचलणार? पण मशीन मी नाही दिलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकून घेतलं असतंस? पाना फेकून मारला असतास."

"अजूनही मारीन!"

"पंख्याची गोष्ट सांगा," बाईंनी मध्येच विचारलं. "बाजारचा का चालत नाही?"

भाऊ पहिल्यांदा हसला. "सात वर्षांचा असताना बसवला होता मी एक, बाबांना न विचारता. असा मार खाल्लाय की जन्मात विसरणार नाही."

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "भाऊच. किल्ली ठाऊक, साहेबांची ओळख, ताईवर राग. उघड आहे."

"तुम्हाला सगळं उघडच दिसतं, मास्तर," बाई म्हणाल्या. "मामांकडे जाऊ."

मामा कोणाचेच मामा नव्हते आणि सगळ्या घाटाचे होते. मिस्त्रीच्या जोडीचा हा माणूस, कारखान्याच्या मशिनांचं दुकान चालवायचा. मिस्त्री गेला तेव्हा खांदा द्यायला तोच पुढे होता.

"पोरीचे हाल बघवत नाहीत," मामा म्हणाले. "मी तर म्हणतो, सही करून मोकळी हो. मोठ्यांशी वैर कशाला?"

"तुम्ही तिच्या वडिलांची मशीनं कधी दुरुस्त केलीत?"

"छे! ते शेपूट मी कधी हातात धरलं नाही. माझं आयुष्य गेलं कारखान्याच्या मालात. नवी, पेटीबंद, पुस्तकासकट." मामांचा आवाज किंचित कडू झाला. "घाटावर मिस्त्रीची मशीनं आली आणि माझी पेट्यांतच राहिली, ते सोडा."

भिंतीवर जुने पितळी पंखे पाठ बाहेर करून ओळीने टांगलेले होते. मास्तरांना ते आवडले. "यावर आकडे कसले?"

"मागच्या बाजूला मी छिन्नीने ठोकतो. नाहीतर लोक आपला मोडका पंखा आणून म्हणतात, मामा, हाच तुम्ही दिला होतात!"

मास्तर कौतुकाने मोजत गेले. पाच, सहा, आठ. सहा आणि आठच्या मध्ये मोकळा खिळा होता आणि त्याखाली भिंतीचा रंग तीन पात्यांच्या आकारात ताजा राहिला होता.

"सात विकला वाटतं?"

"हो, मागेच," मामा म्हणाले आणि चहा मागवायला उठले.

कचेरीत कंपनीचे साहेब स्वतः हजर होते. इस्त्रीचा सदरा, हसरा चेहरा. निळं मशीन मधोमध चौथऱ्यावर ठेवलं होतं.

"तीस वर्षांपूर्वी शिकाऊ इंजिनिअर होतो मी," साहेब म्हणाले. "हे माझ्या हातचं. याच खाडीत पहिली फेरी मारली."

"याच पंख्यावर?"

"याच. प्रतिज्ञापत्रात लिहिलंय तसं. एक खिळासुद्धा बदललेला नाही."

"अजून चालतं?"

"एका ओढीत! परवाच आमच्या अंगणात घोडीवर लावून पाहिलं."

"वा," बाई म्हणाल्या आणि पंख्याच्या पात्यावर हात ठेवला. डावा बसेना. उजवा चपखल बसला. मास्तरांना वाटलं, बाई मशीनला नमस्कार करतायत की काय!

दुसऱ्या दिवशी बारा वाजता कचेरीत मुंगीला जागा नव्हती. होडीवाले खिडक्यांतून डोकावत होते. अधिकारी चष्मा पुसत होते. साहेब पुढे बसले होते, मामा मागे भिंतीला टेकून. भाऊ दारात उभा होता आणि मिस्त्रीण त्याच्याकडे बघतही नव्हती.

बाई उभ्या राहिल्या. "माझी एकच विनंती आहे. धक्क्याला होडी बांधलेली आहे. साहेबांनी त्यांचं मशीन तिला लावावं आणि चालवून दाखवावं. त्यांच्याच हाताने, याच पंख्यावर."

"आनंदाने," साहेब म्हणाले.

मशीन होडीला चढवलं. सगळी कचेरी धक्क्यावर उतरली. साहेबांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, दोरी ओढली. खरोखर एका ओढीत सुरू झालं. त्यांनी शेपटी पाण्यात सोडली, मूठ पिळली.

आणि होडी मागे आली.

साहेबांनी मूठ आणखी पिळली. होडी आणखी जोरात मागे आली आणि तिची पाठ धक्क्यावर धाडकन आदळली. साहेब भिजले. घाटावर असा हशा पिकला की अधिकाऱ्यांनाही तोंड फिरवावं लागलं.

"काहीतरी बिघाड आहे!" साहेब ओरडले.

"बिघाड काही नाही," बाई म्हणाल्या. "पंपाचं इंजिन मागून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. मास्तरांनी काल स्वतः पाहिलंय. कारखान्याच्या मशिनात मध्ये गिअर असतात, त्यामुळे पंखा घड्याळासारखा सुलटा फिरतो. म्हणून बाजारात मिळतात ते उजव्या हाताचे, तसं फिरून होडी पुढे ढकलणारे पंखे. इथे दांडा थेट जोडलेला, मध्ये गिअर नाही, म्हणजे पंखा डाव्या हाताचाच हवा. मिस्त्री तो मुद्दाम ओतून घ्यायचे. उजवा लावला की होडी उलटी धावते. सात वर्षांचं पोर एकदा करतं ही चूक, मार खातं आणि पुन्हा करत नाही. बरोबर?"

धक्क्याच्या कडेला उभ्या भावाने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे साहेबांनी या पंख्यावर कधीही फेरी मारलेली नाही. अंगणात घोडीवर लावलं तर फक्त आवाज होतो, होडी कुठे जाते ते कळत नाही. प्रतिज्ञापत्र खोटं, हे इथेच सिद्ध झालं. आता दुसरा प्रश्न. मिस्त्रींचा पंखा अंगठ्याच्या खुणेमुळे काढावाच लागला. त्याजागी हा कोणी बसवला? भावाने? तो मेला तरी उजवा बसवणार नाही. हे काम अशा माणसाचं, ज्याचं आयुष्य कारखान्याच्या मालात गेलं आणि ज्याने हे शेपूट कधी हातात धरलं नाही. मास्तर, पंखा काढा."

मास्तरांनी पाना लावला. जाम घाम गाळल्यावर पंखा सुटला. त्यांनी तो उलटा केला आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"सात!"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मामा धक्क्यावरच खाली बसले होते.

"तीस वर्षांत ज्याचा एक खिळासुद्धा बदललेला नाही, त्या मशिनावर मामांच्या छिन्नीचा आकडा," बाई म्हणाल्या. "आणि मामांच्या भिंतीवर सातचा खिळा रिकामा. रंग तिथे अजून ताजा आहे. तो पंखा मागेच विकला असता, तर आजवर तिथला रंगही विटला असता. हे गेल्या आठवड्यातलं काम."

मिस्त्रीण मामांपुढे जाऊन उभी राहिली. "मामा, बाबांना तुम्ही खांदा दिलात."

"दिला," मामा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "आणि जिवंत होता तोवर त्याचा हेवा केला. दोघं एकाच दिवशी घाटावर आलो होतो गं. लोक त्याच्या दारात, माझ्या दारात कुत्रं नाही. साहेब म्हणाले, शेपट्या बंद झाल्या की कंपनीची मशीनं तुम्हीच विकाल." त्यांनी तोंड झाकलं. "तुझ्या बापाचा पंखा माझ्या गल्ल्याखाली आहे. वितळवायला घेतला होता. त्या अंगठ्यावर घण घालवेना."

मिस्त्रीण एक पाऊल मागे सरली. मग म्हणाली, "संध्याकाळपर्यंत आणून द्या. आणि घाटावर पुन्हा मला तुम्हाला मामा म्हणून हाक मारायला लावू नका."

कचेरीत परतल्यावर अधिकाऱ्यांनी शिपायाला साहेबांना आत बसवायला सांगितलं, कंपनीच्या अर्जावर लाल शाईने रेघ मारली आणि दुसरा कोरा अर्ज काढला. "ताई, आता नोंद तुमच्या वडिलांच्या नावाने, तुमच्या हक्काने करू. मग तुमच्या परवानगीशिवाय कोणी हे बनवू शकणार नाही."

मास्तरांना वाटलं, मिळवली! मिस्त्रिणीने अर्ज अधिकाऱ्यांकडे परत सरकवला.

"नको."

"नको?"

"बाबांनी कोणाला विचारून नाही बनवलं. मग दुसऱ्याने मला का विचारायचं? मी दाराशी रखवालदार बसवायचा का, या साहेबांसारखा?"

"अहो, पण नोंद नसेल तर उद्या दुसरी कंपनी येईल!"

मिस्त्रिणीने बाईंकडे पाहिलं. बाई हसल्या. "जी गोष्ट आधीच सगळ्यांना उघड सांगितलेली आहे, ती कोणी आपली म्हणून नोंदवू शकतं का, अधिकारीसाहेब?"

"नाही," अधिकारी सावकाश म्हणाले. "तारखेसह जाहीर झालेली असली, तर कोणीच नाही."

कचेरीच्या व्हरांड्यात जाहीर सूचनांचा मोठा काळा फळा होता. मिस्त्रिणीने खडू उचलला आणि फळ्यावरची जुनी सूचना पुसून टाकली. मग मशीनचं चित्र काढायला लागली. इंजिन, दांडा, नळी, ग्रीस भरायचं भोक, बिजागरी. पाठ दुखत होती, तरी वाकून खालपर्यंत काढलं.

"दांडा नऊ फूट!" ती ओरडली. "नळीची जाडी काय रे?"

"दीड इंच, ताई!" भाऊ गर्दीतून पुढे आला. "बिजागरी इंजिनापासून एक हातावर! आणि पंखा डावा, रे बाबांनो, डावा!"

होडीवाले तळहातावर, पाकिटांवर, एकमेकांच्या पाठीवर कागद धरून उतरवून घेत होते. मास्तरही वहीत उतरवत होते. त्यांच्याकडे होडी नव्हती.

"सरकारी फळा आहे हा," अधिकारी दुबळेपणाने म्हणाले.

"म्हणूनच इथे काढलं," मिस्त्रीण म्हणाली. तिने खडू खाली ठेवला आणि काळ्या नखांचा हात त्यांच्यापुढे केला. "खाली आजची तारीख घाला. आणि तुमचा शिक्का मारा."

अधिकाऱ्यांनी घाटाकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, आणि शिपायाला शिक्का आणायला पाठवलं.