वांग्याचा बैल

लाईट गेली होती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले यंत्रमागही थांबलेले, त्यामुळे गच्चीवर कधी नव्हे ती शांतता होती. पायल आणि ओजस या नातवंडांनी भुताची गोष्ट लावून धरली, तेव्हा गुरप्पाआप्पा उशीला टेकले.

"सांगतो. माज्या ओळखीच्या पोरासंगं घडलेली हाय. ऐकून भ्याल का चिडाल, तुमचं तुमी बघा."

पोरगा म्हणजे शिवराज, नान्नजकडचा द्राक्षवाला. रात्र पोळ्याची. दोन हजार पंचवीस, बावीस ऑगस्ट, शुक्रवार, अमावास्या. साडेनऊच्या सुमाराला तो मोटारसायकलवर निघाला, तो फक्त एक बॅग पोचवायला.

बॅग जोतिरामअण्णांची. अण्णा द्राक्ष बागायतदारांच्या संघाचे चेअरमन. त्यांनीच संघातल्या दहा-बारा जणांना जपानला, यामानाशीला नेलं होतं. परतताना त्यांची एक बॅग चुकून शिवराजच्या सामानात आली, आणि ऐन पोळ्याच्या रात्री फोन आला.

"शिवराज, बॅग तेवढी फार्महाऊसवर आणून टाक. तिकडच्या वाईनची बाटली हाय त्यात. पावणे खोळंबल्यात."

शिवराजने बॅग मागच्या सीटवर बांधली. दोरी इतकी आवळली की बोटांना वळ पडले. आठवडाभर त्याला अण्णांचं तोंड बघायचं नव्हतं. त्याचं कारण यामानाशीत घडलं होतं.

यामानाशी म्हणजे डोंगरांची परात. चारी अंगांनी डोंगर, आणि त्यांच्या मागे फुजीचं टोक, शेजारच्या भिंतीवरून कुणी डोकवावं तसं. उतारावर द्राक्षांचे मांडव, आणि एकेका घडावर कागदाची इवलीशी छत्री. आपल्याकडे बायका घडाला पेपर गुंडाळतात, तिथे छत्री. मांडवाखाली उभं राहिल्यावर शिवराजला परक्या मुलखात आल्यासारखं वाटेचना.

शेवटच्या संध्याकाळी मंडळी फुमिकोआजींच्या बागेत गेली. आजी एकट्याच. त्यांचे यजमान गेल्या थंडीत वारलेले. आजींनी सगळ्यांना चहाच्या कपातून गावची वाईन दिली आणि भिंतीवरचा यजमानांचा फोटो दाखवला. डोक्यावर गवताची टोपी, गळ्यात पांढरा टॉवेल, हातात कात्री. दाराच्या पायरीवर एक काकडी आणि एक वांगं ठेवलेलं. दोन्हींना काड्यांचे चार-चार पाय.

"आरं, हेंचा बी पोळा हाय की!" म्हणत अण्णांनी वांगं उचललं.

"अण्णा, ठिवा तितं. देवाचं असंल."

"कसला देव? भरीत हुतंय ह्येचं. लई शाना हायस."

सगळे हसले. वांगं अण्णांच्या कोटाच्या खिशात गेलं. आजी तेव्हा आत कप विसळत होत्या. आणि शिवराज गप्प बसला. पोरगा धडधाकट, शिकलेला, तोंडात जीभ असलेला. पण अण्णांनी दौऱ्यावर नेलंय म्हणून गप्प बसला.

बसमध्ये त्याने सईला विचारलं. सई मूळ पुण्याची, आता जपानलाच राहणारी, यांची दुभाषी.

"मेलेली माणसं या दिवसांत घरी येतात, असं मानतात इथे," ती म्हणाली. "काकडी म्हणजे घोडा, लवकर यायला. वांगं म्हणजे बैल, सावकाश परत जायला. आजोबा गेल्यापासूनचं हे पहिलंच वर्ष. आज रात्री दारात जाळ करून आजी त्यांना निरोप देतील. का हो?"

शिवराज ताडकन उठला. "बस फिरवा! अण्णा, ते वांगं परत द्या!"

"एका वांग्यापायी बस फिरवायची? विमान चुकलं तर तुजा बा भरनार हाय व्हय?"

बस पुन्हा हसली. घाटाच्या वरच्या वळणावरून आजींचं घर दिसलं. अंधार पडला होता. दारात जाळ नव्हता. आजी पायरीपाशी वाकून, टॉर्च मारून काहीतरी शोधत होत्या...

"आप्पा, भूत कुटं हाय मग?" ओजस म्हणाला.

"मागच्या सीटवर."

बार्शी रोड मोकळा होता. गावोगावची वाजंत्री थांबलेली, रंगवलेल्या शिंगांचे बैल गोठ्यात परतलेले. गाव मागे पडलं आणि मोटारसायकल मागून खाली बसली. कुणीतरी डबलसीट बसावं तशी. शिवराज थांबला. टायर बघितला. हवा होती. दोरी बघितली. घट्ट होती.

तो पुन्हा निघाला. पुन्हा गाडी बसली.

आता वास येऊ लागला. द्राक्षाच्या ओल्या काडीचा, ताज्या छाटणीचा. ऑगस्टात आपल्याकडे कोण छाटतंय?

त्याने आरशात बघितलं.

गवताची टोपी. गळ्यात पांढरा टॉवेल.

मागे वळायची हिंमत झाली नाही. पुढे बघतच तो म्हणाला, "आजोबा... घरी जायचंय न्हवं?"

खांद्यावर हात आला. थंड... हलका... खड्ड्यात तोल जाऊ नये म्हणून धरतात, तसा.

फार्महाऊसवर अण्णा दोन पाहुण्यांना घेऊन अंगणात बसले होते. तोंडात पान. त्यांनी बॅग उघडली, बाटलीसाठी कोट उपसला, आणि खिशातून वांगं घरंगळलं. सहा दिवसांचं वांगं. आत्ता खुडल्यासारखं तुकतुकीत.

"अण्णा, ते मला द्या. ज्याचं हाय ते फाटकात उभं ऱ्हायलंय."

पाहुण्यांनी फाटकाकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं. अण्णा हसले. त्यांनी वांग्याचा एक पाय उपटला, त्याने दात कोरले, मग ती काडी पानाबरोबर चावली. चावून, चावून, लालभडक करून अंधारात थुंकली.

"घे. ने तुजा बैल."

गोठ्यातला खरा बैल उठून उभा राहिला. फाटकाकडे बघू लागला. गळ्यातली घुंगुरमाळ वाजली नाही.

"मानसाची जात हाय का न्हाय तुमची?" शिवराज ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा अण्णांवर ओरडला. "म्हातारीनं मेलेल्या नवऱ्यासाठी केल्यालं हाय त्ये! तुमाला दात कोरायला?"

पाहुणे उठून गेले. बैल जिकडे बघत होता तिकडे अण्णांनी बघितलं, आणि घरात जाऊन कडी लावली.

शिवराज मोबाईलच्या उजेडात काडी शोधत राहिला. आजी शोधत होत्या तशीच, वाकून. सापडली नाही. शेवटी त्याने फाटकात वेलीच्या सुक्या काड्यांचा जाळ केला आणि समोर वांगं ठेवलं. चौथा पाय म्हणून वेलीची काडी खोचली, ती गळून पडली. तीन पायांवर ते उभं राहीना. ठेवलं की कलंडायचं. पुन्हा ठेवलं... पुन्हा कलंडलं...

जाळ विझला.

वास होता. टोपीचा आकार होता, खाली बसलेला. वाट बघत.

शिवराज परत निघाला. मोटारसायकल हलकी होती. सगळ्या रस्त्याला तो रडला तो त्या हलकेपणाने. म्हातारा मागेच राहिला होता.

सकाळी तो पुन्हा गेला. राख होती. वांगं नव्हतं.

"बैलानं खाल्लं असंल," अण्णा दाराआडूनच म्हणाले.

आठवड्याभराने सईने शिवराजला एक फोटो पाठवला.

"मी बघितलाय त्यो फोटो," आप्पा म्हणाले. "ह्या डोळ्यांनी."

फुमिकोआजींची पायरी. पायरीवर वांग्याचा बैल. चार पायांवर, ताठ उभा. तीन पाय स्वच्छ.

चौथा चावून चपटा झालेला. लालभडक.

खाली सईने लिहिलं होतं, 'आजी विचारतायत, याला हे असं कुणी केलं?'